नारिंगी चाकं

पवना धरण, काठावरचं घर
२१ मार्च २०२५

ती. आबांना,
प्रेरणाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वहिनी मध्ये बसून माझं बोलणं तुमच्या कानात ओरडते, ते मला नको वाटतं. म्हणून हे पत्र. काम घाईचं आहे.

धुळवडीला इथं काय झालं ते कान्ह्यापर्यंत आलंच असेल, पण खरं काय ते माझ्याकडून ऐका. नथूशेटच्या कॅम्पवर शहरातली पोरं आली होती. रंग खेळून, पिऊन, तशीच पाण्यात उतरली. एक जण लांब गेला आणि हात वर करायला लागला. आपल्या बचाव दलाची बोट देवळामागं ट्रेलरवर उभी असते, तुम्ही पाहिलीय. कुठल्याशा कंपनीनं दिली तेव्हा हार घालून मिरवली, त्यानंतर उन्हातच पडलेली. संदेशनी पिकअप जोडली, ट्रेलर उताराला लावला आणि डाव्या बाजूचा टायर फाटला. फुटला असता तर आवाज तरी झाला असता. हा जुन्या चपलेसारखा सोलून निघाला. ट्रेलर आडवा. पुढं बोट माणसांनी खांद्यावरून नेली.

तो पोरगा वाचला, पण आमच्यामुळं नाही. कॅम्पवरच्या कुणीतरी पाण्याचा रिकामा जार फेकला, तो धरून तरंगत राहिला. त्याचे दोस्त तोवर काठावर उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते. तो बाहेर आला, ओकला आणि तोंड पुसून पहिलं काय म्हणाला सांगू? “व्हिडिओ नीट आलाय ना?”

आबा, मला अशी शिसारी आली. सगळ्या काठावर बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, पोरांचे वापरलेले डायपर. त्यातून अनवाणी पळत आमच्या माणसांनी बोट नेली ती ह्याच्यासाठी.

मग दलाची मीटिंग झाली. नथूशेट अध्यक्ष. टायर बदलायला हवेत असं ठरलं, चहा झाला, सगळे घरी गेले. शेवटी आम्ही बचत गटाच्या बायकांनी सांगितलं, टायर आम्ही आणतो आणि बसवतोही आम्हीच. आता आमची अडचण अशी, की टायर काळा आणि गोल असतो यापलीकडं आम्हाला काही कळत नाही. गावात विचारावं तर जो तो वेगळंच सांगतो आणि वर हसतो. तुम्ही देहूरोडच्या डेपोत आयुष्यभर ट्रेलर ओढलेत. काय बघून घ्यायचा, कसा बसवायचा, सगळं लिहा. समजलेलं आहे असं धरू नका.

तुमची,
प्रेरणा


कान्हे
२७ मार्च २०२५

चि. प्रेरणास,
आबाचा आशीर्वाद.

पत्र वाचलं. त्या पोराच्या थोबाडीत कुनी दिली न्हाई का? आसो.

आता नीट वाच. पयली गोष्ट, कारचं टायर घ्यायचं न्हाई. दुकानदार म्हनंल, ताई ह्येच बसतंय. बसतंय ते खरं, पर बसनं येगळं आन वज्जं उचलनं येगळं. तुमच्या ट्रेलरची चाकं बारकी हायत, मालाच्या छोट्या टेम्पोला आसत्यात तसली. त्या टेम्पोचंच टायर माग. जुन्या टायरच्या बाजूला साइज लिवल्याला आसंल, तोच्या तोच उतरून ने. बोट, इंजिन, पेट्रोलचा डबा आन ट्रेलरचं लोखांड, समदं दोन चाकांवर येतं. एका टायरनं किती वज्जं उचलायचं ते बी त्याच्या आंगावर आसतं. दुकानदाराला त्या आकड्यावर बोट ठिवून दाखवायला लाव.

दुसरी गोष्ट, टायरचं वय. बाजूला लांबट गोलात चार आकडे आसत्यात. पयले दोन म्हंजे सालातला कितवा आठवडा, मागले दोन म्हंजे साल. टायर न चालवता बी म्हातारं हुतं. तुमच्या बोटीचं त्येच झालं. वरची नक्षी नवी, आन आंग मेल्यालं. आंगठ्यानं बाजू दाबून वाकवायची. बारीक चिरा दिसल्या तर दुकानातनं भायेर पडायचं.

आन पालिश. ह्ये लोक जुन्या टायरला काळं पालिश मारून नवं म्हनून इकत्यात. मी डेपोत आस्ताना आसला माल आला की मला ओकारी यायची. माणूस मरंल ह्येचा इचार न्हाई, नुसतं चकाकलं पायजे. दोनी टायर एकाच जातीची आन एकाच वयाची घ्या. तिसरं स्टेपनीला.

बसवताना ट्रेलर पिकअपला जोडल्यालाच राहू द्या, दुसऱ्या चाकाला पुढनं-मागनं दगड. नट आधी जिमिनीवरच ढिल्लं करायचं, मग जॅक. हवेत जोर लावला की ट्रेलर खाली आला म्हनून समज. नवं चाक चढवल्यावर एकामागं एक नट आवळत जायचं न्हाई. एक हिकडचा, मग त्येच्या समोरचा, आसं थोडं थोडं. चाक जिमिनीला टेकलं की शेवटचा जोर. एक चक्कर मारून आल्यावर पुन्यांदा आवळायचं, लोक हितंच आळस करत्यात.

बोटीचा ट्रेलर पान्यात उतरतो. चाकाच्या आत ग्रीस आसतं तितं पानी जातं. चाक काढल्यासरशी जुनं ग्रीस पुसून नवं भरून टाका.

संदेश जावयबापूंनी का न्हाई लिवलं? गडी कामाचा हाय, म्हनूनच पसंत केला मी. त्येला हाताशी घे.

रखमाजी


पवना
१८ एप्रिल २०२५

ती. आबांना नमस्कार.

टायर आले, बसले. तुमचं पत्र मी पिशवीत घालूनच नेलं होतं.

मी आणि माझी धाकटी जाऊ समीक्षा गेलो. पहिल्या दुकानात गुटख्याचा वास. मालक आमच्याशी बोलेचना, आमच्या रिक्षावाल्याशी बोलत होता. “यांना कशाला हवाय?” असं त्याला विचारतो, आम्ही समोर उभ्या असताना. मग दोन टायर काढून दिले, आरशासारखे काळे. समीक्षानं रुमाल फिरवला तर रुमाल काळा झाला. आकड्यांच्या जागी खरवडलेलं.

“इथले आकडे कुठं गेले?” मी विचारलं.

“चालून चालून घासतात ते.”

“नवा म्हणालात ना? मग चालला कधी?”

“घ्यायचं नसंल तर टाइमपास करू नका, काकू,” असं म्हणाला आणि आमच्या पायाजवळच थुंकला. ती पिचकारी अर्धी टायरवर गेली. ती त्यानं पुसलीसुद्धा नाही. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तीच पालिशमध्ये चोळून देणार.

तळेगावात मात्र चांगलं दुकान मिळालं. साइज जुळला, मालाचाच टायर, ह्याच वर्षी जानेवारीत बनलेला. वजनाचा आकडा त्यानं स्वतःहून दाखवला, बोट वगैरे धरून किती होईल ते आमच्याबरोबर बसून काढलं. दोन चाकांना दोन आणि स्टेपनीला एक.

बसवायला अंगणात सगळ्या बायका होत्या. एक नट गंजून बसला होता. रॉकेल सोडलं, पान्याला लोखंडी पाइप जोडला, तरी हलेना. शेवटी समीक्षा त्या पाइपवर उभी राहिली. कट्‌ असा आवाज झाला आणि ती माझ्या अंगावर. संदेश ओट्यावर बसून हसत होते, मग तेही उतरले. जॅक त्यांनीच लावला. आतलं ग्रीस शिळ्या चहासारखं झालं होतं, वास असा की दोन दिवस हाताचा जाईना. जुनं सगळं पुसून नवं भरलं. डिस्कना आम्ही नारिंगी रंग दिला. बचावाची बोट आहे, लांबून दिसावी. उरलेला रंग आमच्या पडवीत ठेवलाय.

चाकं जमिनीवर टेकली तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नथूशेट पांढऱ्या कपड्यात आले. नारळ फोडला, टायरवर पाय ठेवून फोटो काढला, आणि संध्याकाळी कॅम्पच्या फलकावर तो फोटो, खाली ‘नथूशेट यांच्या सौजन्याने’. आमच्यातल्या एकीचंही नाव नाही. संदेशना मी म्हटलं, तुम्ही काही बोलला नाहीत? ते म्हणाले, जाऊ दे, त्यांच्याकडं काम करायचंय मला. शेटच्या बोटींवर त्यांना कायमचं घेतलंय. शेटची टुरिस्टांची बोटही असल्याच ट्रेलरवर असते, ती खाली-वर करायचं काम.

प्रेरणा


कान्हे
२५ एप्रिल २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

माझा ऊर भरून आला. दुकानदाराचं वाचून मातर जेवान गेलं न्हाई.

नथूचं मनावर घ्यू नगं. फोटू काढल्यानं चाक झिजत न्हाई. जावयबापूला काम लागलं ते झ्याक झालं, नथूला मीच शब्द टाकला हुता, तुला बोललो न्हवतो. त्यो ओट्यावरनं खाली उतरला, जॅक लावला, आसा नवरा समद्यांना मिळत न्हाई. त्येला कदी टाकून बोलू नगं.

ट्रेलर सावलीला लावा. टायरवर गोनपाट टाका, ऊन लागू दिऊ नका. नट पुन्यांदा आवळलं का, त्ये तू लिवलं न्हाईस.

रखमाजी


पवना
१६ जुलै २०२५

आबा,

रविवारी ओंकार गेला. मळवलीच्या रतनबाईंचा मुलगा. इथं पलीकडच्या बंगल्यावर राखणीला होता, आमच्याकडं दूध न्यायला यायचा.

वर्षासहलीला आलेल्या एका कुटुंबाची दोन पोरं काठावरून घसरली. ओंकारनं उडी मारली, दोघांना ढकलत काठाला लावलं आणि स्वतः ओढीत सापडला. पाण्यात बुडालेल्या एका झाडाचा शेंडा वर होता, तो त्यानं धरला. पुष्कळ वेळ धरला, आबा. आम्हाला तो दिसत होता. समीक्षा काठावरून ओरडत होती, ‘बोट येतीय, सोडू नको.’ आणि बोट उतारावर अडकली. टायर फाटला. तोच डावा. स्टेपनी बघावी तर ती जागेवर नाही. माणसांनी बोट खांद्यावर घेऊन पाण्यात घातली तेव्हा त्या शेंड्यावर कुणी नव्हतं.

ज्यांची पोरं वाचली त्या माणसांनी गाडीतला एसी लावून पोरांचे कपडे बदलले आणि ओंकार सापडायच्या आधी निघून गेले. गाडीच्या काचा काळ्या. बाई आत बसून पोराला चिप्स भरवत होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मला एकच सांगा. जानेवारीत बनलेला, एप्रिलमध्ये बसवलेला टायर असा फाटतो का? त्याला कडेनं बारीक चिरा होत्या. उन्हानं इतक्यात असं होतं का?

बाकी घरी ठीक. संदेशना बरं नाही, पडून आहेत.

प्रेरणा


कान्हे
२१ जुलै २०२५

चि. प्रेरणा,

न्हाई फाटत. देवानं सांगितलं तरी मी म्हननार न्हाई फाटत.

चिरा पडायला वरसं लागत्यात. ते तुमचं टायर न्हाईच. तुमची चाकं कुनीतरी काडून न्हेली आन आपली मेल्याली चाकं तुमच्या ट्रेलरला लावली. फाटल्याल्या चाकाचा नारिंगी रंग खरवडून बघ. खाली दुसरा रंग निगंल. त्यो रंग जेच्या ट्रेलरला हाय तितं तुमची चाकं. असला ट्रेलर त्या काठाला आनखी कुनाकडं हाय ते तूच मला एप्रिलात लिवलं हुतंस.

मला किळस येती ह्ये लिवताना. चोरी म्या लय बगितल्या. डेपोतनं ताडपत्री जायची, डिझेल जायचं. पर बुडत्याच्या बोटीची चाकं न्ह्यायची ही आक्कल कुनाला झाली नसंल.

जावयबापूला लगेच सांगू नगं. पोरगा आदीच ओंकारच्या जान्यानं आजारी पडलाय. कळलं तर रागाच्या भरात नथूचं डोकं फोडंल आन आत जाईल. त्येला जप. तू आधी खात्री कर.

आबा


पवना
४ ऑगस्ट २०२५

आबा,

खरवडलं. नारिंगीच्या खाली निळा निघाला. नथूशेटच्या ट्रेलरची चाकं निळी आहेत. भाजी द्यायला म्हणून कॅम्पवर गेले आणि नखानं त्यांचा रंग उचकटला. खाली नारिंगी, समीक्षानं दिलेला. आकडेही तेच, जानेवारीचे.

मी घरी आले. आमच्या पडवीत रंगाचा अर्धा डबा होता, तो उघडून पाहिला. रिकामा.

संदेश जेवत होता. मी डबा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, “हा कुणी संपवला?”

त्यानं डब्याकडं पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. “शेटनी सांगितलं. सीझन होता. त्यांची बोट रोज खाली-वर, टायर झिजलेले. आपली तर उभीच असते. सीझन संपला की परत बदलणार होतो.”

“सीझन मे महिन्यात संपला.”

“शेट म्हणले, पावसात बोटी बंदच असतात, राहू दे.”

“आणि स्टेपनी?”

“ती पण त्यांच्याकडंच.”

मग त्यानं उरलेली भाकरी खाल्ली, आबा. कालवणात बुडवून, बोटं चाटून. ज्या हातांनी ती चाकं काढली, ज्या हातांनी जुन्या चाकांना आमचाच रंग फासला, म्हणजे आम्हाला कळू नये, त्याच हातांनी. मी मागच्या दारी जाऊन ओकले. तुम्ही त्याला जप म्हणालात. तो आजारी नव्हता. तोंड लपवून पडला होता. त्या दिवसापासून मी त्याच्या ताटात वाढत नाही. पातेलं ठेवते, तो घेतो.

शनिवारी आम्ही सगळ्या जणी कॅम्पवर गेलो. जॅक, पाना, पाइप घेऊन, भर दुपारी, टुरिस्ट भरलेले असताना. नथूशेट खुर्ची टाकून बसले होते.

“काय गं, काय मोर्चा काढला का?”

“चाकं न्यायला आलोय,” मी म्हटलं. “आमची.”

ते हसले. “आमची-तुमची काय? बचाव दलाचा अध्यक्ष मीच हाय. गावातल्या गावात एका ट्रेलरची दुसऱ्याला लावली, कुटं परदेशी न्हेली का? आन ओंकार पवता येत आसून बुडला, त्येला टायर काय करणार?”

असं बोलले. टूथपिकनं दात कोरत बोलले. एक टुरिस्ट बाई पुढं येऊन विचारते, हा काही गावचा कार्यक्रम आहे का, फोटो काढला तर चालेल का.

आम्ही दगड लावले आणि पाना बसवला. नट हलेनात. पाइप लावला, समीक्षा चढली, तरी नाही. शेट म्हणाले, “माझ्या माणसानं आवळलेत ते.” तेवढ्यात संदेश आला. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हातातून पाना घेतला, खाली बसला आणि एकेक नट सोडवला. वर पाहिलं नाही. शेट ओरडले, “उद्यापासनं तोंड दाखवू नको!” त्यानं पुढचा नट घेतला.

शेटचा ट्रेलर आम्ही दगडांवर उभा केला. शेट म्हणाले, माझी जुनी चाकं तरी द्या. त्यांच्यासाठी पिकअपमध्ये आणलीच होती. पण ती जशीच्या तशी दिली असती तर परत कुठल्यातरी पोराबाळांच्या बोटीखाली गेली असती. समीक्षानं कोयता घेतला आणि दोन्ही टायर सगळ्यांसमोर उभे चिरून दिले.

आपली चाकं आता आपल्या ट्रेलरला आहेत, स्टेपनीही जागेवर आहे. आवळली, एक चक्कर मारून पुन्हा आवळली.

त्यानं चार नट सोडवले म्हणून मी निवळले असं समजू नका. त्याच्या शेजारून जाताना मला त्या शिळ्या ग्रीसचा वास येतो. रतनबाईंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, माझ्या पोराचं नशीब. मला तिथं जायचं धाडस होत नाही. मी काय करू ते सांगा.

प्रेरणा


कान्हे
११ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणा,

तुजं पत्र हातात पडलं आन दुसऱ्या दिशी संदेश माझ्या दारात. त्येला जावयबापू म्या आता म्हननार न्हाई.

आत घेतलं न्हाई. वट्यावर बसवलं. तुजी वहिनी पानी घिऊन निगाली, तिला म्हनलो थांब. त्यो बोलाय लागला, मला ऐकू यीना. मग त्येला वरडावं लागलं. “आबा, माफ करा!” आख्ख्या आळीनं ऐकलं. समोरचा म्हातारा दार उगडून बगाय लागला.

म्या म्हनलो, “माझी चाकं न्हवती ती.”

त्यो मग म्हनला, प्रेरणा बोलत न्हाई. म्या म्हनलो, तिची बी न्हवती. जेच्यासाटी हुती त्यो गेला. त्येची आय हाय मळवलीला. तिला तुजं त्वांड दाखव, मग हितं ये. त्यो रडला. मला त्येच्या रडन्याची बी किळस आली. एवढा मोटा बाप्या, आन शेट म्हनला म्हनून.

आता तुजं. हितं यायचं आसंल तर ये, तुजं घर हाय. कुनी इचारनार न्हाई, इचारलं तर मला ऐकू येत न्हाई. पर त्या आदी मळवलीला जा. रतनबाईला तू सांगायचं न्हाई. त्येनं सांगायचं, त्येच्या तोंडानं. तू निस्ती संगं जा, म्हंजे वाटंतनं माघारी फिरनार न्हाई.

नथूकडं म्या शब्द टाकला हुता. त्येचं काय करू ते मला कळत न्हाई.

आबा


पवना
२४ ऑगस्ट २०२५

ती. आबांना नमस्कार.

गेलो. दोघंही. स्टेशनापासून रतनबाईंच्या घरापर्यंत तो माझ्या पुढं चालत होता. मी मागं ठेवला असता तर वळला असता.

त्या खाचरातून आल्या, पाय चिखलाचे. आम्हाला पाहून त्यांनी चूल पेटवायला घेतली. मी म्हटलं, “मावशी, चहा नको. आधी ह्याचं ऐका.” त्या उंबऱ्यावर बसल्या. संदेश उभाच राहिला आणि बोलला. चाकं कुणाची, कुणी सांगितलं, कुणी बदलली, रंग कुणी दिला. काही गाळलं नाही. शेटनी सांगितलं एवढंच म्हणून थांबेल असं मला वाटलं होतं, पण पुढं तो म्हणाला, “मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.”

आबा, मला वाटलं त्या त्याला मारतील. मारावं असंही मला वाटत होतं. त्यांनी पायाचा चिखल पायरीवर पुसला. मग मला विचारलं, “त्येनं झाड धरलं हुतं, ते खरं का?”

“खरं,” मी म्हटलं.

“किती येळ?”

“पुष्कळ,” मी म्हटलं. त्या उठल्या, पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि संदेशला म्हणाल्या, “चल. मला बोललास ते पोलिसांना बोल. आन शेटचं नाव पयलं घे, तुजं मागनं.”

चौकीकडं जाताना वाटेत शेटचा फोन आला. आम्ही मळवलीला गेल्याचं शेटला कळलं होतं. माझ्यासमोर संदेशनं घेतला. शेट म्हणत होता, परत कामावर ये, दुसरी बोट घेतोय, ती तुझ्याच ताब्यात देतो. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा रतनबाईंनी हात पुढं केला. त्यानं फोन त्यांना दिला. त्या फक्त एवढं बोलल्या, “मी ओंकारची आय.” पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा वाजला नाही.

चौकीतले हवालदार म्हणाले, “अपघाती मृत्यूची नोंद झालेली आहे. आता नवीन काय?” संदेशनं सांगायला सुरुवात केली. हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला म्हणाले, “तुला कळतंय ना, तू स्वतःलाही अडकवतोयस?” तो म्हणाला, “व्हय, कळतंय.” तेव्हा त्यांनी कागद घेतला. साहेब येईपर्यंत थांबावं लागलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. तो कुठं चुकला, अडखळला, तर रतनबाई बाकावरून म्हणायच्या, “रंगाचं सांग,” “स्टेपनीचं राहिलं.”

तुम्ही बोलावलंत, पण मी येत नाही. हे घर मी सारवलंय, इथली बोट आता आमच्या ताब्यात आहे. गेला तर तो जाईल. त्याच्याबद्दलची किळस अजून आहे. कमी होईल का ते मला माहीत नाही आणि तुम्ही विचारू नका. त्या दिवशी तो बोलत असताना पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडाकडं पाहू शकले, एवढंच सांगते.

दिवे लागायची वेळ झाली तरी लिहिणं चाललंच होतं. साहेब रतनबाईंना म्हणाले, “मावशी, तुम्ही घरी जा. तुमचं काम नाही आता. अंधार पडेल.”

त्या म्हणाल्या, “लिवून झालं की जाते.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. लिहून होईपर्यंत कुणीच उठलं नाही.

तुमची,
प्रेरणा